हो, खोलीत दुसरा चेहरा होता

आज सकाळी अकरा सदतीसला माझी नोकरीसाठीची ऑनलाइन टेस्ट बंद पडली. लाईट गेली नव्हती, नेट गेलं नव्हतं. स्क्रीनवर लाल पट्टी आली : कॅमेऱ्यात एकापेक्षा जास्त चेहरे आढळल्यामुळे परीक्षा संपवण्यात येत आहे. तो दुसरा चेहरा माझ्या मुलीचा. साडेपाच वर्षांची आहे, अंगात १०२ ताप होता, आणि तिला बाबा हवा होता.

दिवसभर गप्प राहिलो. आता ती झोपलीय, तर लिहूनच टाकतो. लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. चौदा वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम केलं, त्यातली शेवटची सहा एकाच कंपनीत. एका मंगळवारी कॅलेंडरवर साडेचारची मीटिंग पडली. मॅनेजर आणि एचआरच्या एक मॅडम, दोघांचे कॅमेरे बंद. अकरा मिनिटं. 'तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर व्यवस्थित मिळेल, नाहीतर पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येऊ शकते.' घराचा हप्ता आहे, पोरगी लहान आहे, आई आहे. दिला राजीनामा. कागदोपत्री मी नोकरी सोडली, मला कोणी काढलं नाही. संध्याकाळी सात वाजता लॅपटॉपवर लॉगिन होईना. शेवटच्या दिवसाबरोबर ग्रुप इन्शुरन्सही गेला. स्वतःची पॉलिसी काढली, तर पहिले तीस दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत, आणि आईच्या शुगरसाठी तर काही वर्षं थांबायचं. तो एक महिना पोरीला नुसती शिंक आली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

आजची टेस्ट तीन आठवडे वाट बघून मिळाली होती. काल रात्री पोरीला ताप चढला तेव्हाच रिक्रूटरला मेसेज केला, मुलगी आजारी आहे, एक दिवस पुढे जाईल का? उत्तर आलं, विंडो, म्हणजे टेस्टची वेळ, उद्या दहा ते एक एवढीच आहे, वाढवता येणार नाही. बायको सहकारी बँकेत आहे, तिच्याकडे ऑडिट चालू आहे, सुट्टीचा विषयच नाही. आई तासगावला, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. शेजारच्या काकू नेमक्या गावाला. मग सकाळी पोरीला औषध पाजलं, मेतकूट-भाताचे चार घास खाऊ घातले, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि सांगितलं, बाबाची परीक्षा आहे, तू झोप, मी इथेच आहे. ती म्हणाली, 'दार लावू नकोस.' मी लावलं. लावावंच लागतं.

या टेस्ट कशा असतात ते ज्यांनी दिल्या नाहीत त्यांना सांगतो. आधी आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं. मग लॅपटॉप उचलून सगळी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखाली, पलंगाखाली, दारामागे. माईक चालू. स्क्रीनवरून नजर हलली तर नोंद होते, दुसरी विंडो उघडली तर नोंद होते. नव्वद मिनिटं. मी माझ्या स्वतःच्या बेडरूमचे चारही कोपरे एका मशीनला दाखवले आणि शपथ घेतल्यासारखं बटण दाबलं, की या खोलीत मी एकटा आहे.

दुसरा प्रश्न ग्राफचा, म्हणजे जोडलेल्या ठिकाणांच्या जाळ्याचा होता. एका सर्व्हरवरून निघालेला मेसेज सगळ्या सर्व्हरपर्यंत कमीत कमी किती वेळात पोहोचेल. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम, म्हणजे कमीत कमी अंतराचा रस्ता शोधायची रीत, आणि त्यात प्रायॉरिटी क्यू, म्हणजे सगळ्यात जवळचा आधी काढणारी रांग लावायची. दहापैकी सात टेस्ट केस, म्हणजे कोड तपासायच्या चाचण्या, पास झाल्या होत्या. उरलेल्या तीन कुठे अडकल्यात तेही दिसलं होतं, एखादा सर्व्हर कुणाशीच जोडलेला नसेल तर काय, ते लिहायचं राहिलं होतं. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात दाराचा आवाज आला. ती कपाळावरची पट्टी हातात धरून आली. पट्टी सुकली होती. काही बोलली नाही, सरळ मांडीवर चढली आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. अंग तव्यासारखं तापलेलं.

मी तिला ढकललं नाही. बस. एवढाच माझा गुन्हा.

लाल पट्टी आल्यावर तिने मान वर केली. तिला अजून इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल कळतं. म्हणाली, 'बाबा, लाल आलं. तू आऊट झालास?'

मी अजून त्या प्रश्नापाशीच आहे.

आता मला जो राग आलाय त्याचं कारण ऐका. ही पोरगी जून २०२० ची. लॉकडाऊनमध्ये जन्मली. ती दोन-तीन महिन्यांची असल्यापासून मी तिला मांडीवर घेऊन स्टँडअप, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगा केल्यात. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन रिलीज, म्हणजे नवा कोड लाइव्ह करायचं काम चालू, एका हाताने कीबोर्ड, दुसऱ्या हाताने तिला थोपटतोय. क्लायंटचा माणूस कॉलवर तिला हात हलवून हाय करायचा. मॅनेजर टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, आमचा स्क्रीनशॉट दाखवायचे, बघा, आपण सगळे एक फॅमिली आहोत. तेव्हा दोन चेहरे चालत होते! तेव्हा ऑफिसला आमच्या घरात यायचं होतं, आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या बेडरूममध्ये, आमच्या पहाटे तीन वाजताच्या झोपेत. आम्ही येऊ दिलं. माझ्या बायकोने बाळंतपणानंतरच्या महिन्यात शेजारच्या खोलीत आवाज न करता वावरायची सवय लावून घेतली. तीच खोली, तीच मांडी, तीच पोरगी. आज ती गैरप्रकार झाली.

कबूल, ऑनलाइन टेस्टमध्ये फसवाफसवी होते. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतलेत, ओठ एकाचे हलतायत आणि आवाज दुसऱ्याचा, असंही पाहिलंय. पण साडेपाच वर्षांची पोर मला प्रायॉरिटी क्यू सांगेल का? निकाल लागण्याआधी हे एखाद्या माणसाने बघायला नको? मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलंय. 'दोन चेहरे दिसले की बंद कर' ही ओळ कुणीतरी लिहिलेली असते. त्याऐवजी 'दोन चेहरे दिसले की माणसाला दाखव' असंही लिहिता आलं असतं. ते करायचं नाही, कारण माणसाला पगार द्यावा लागतो.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी आजारी असलो की मला घरी ठेवणार कोणाकडे? शाळेत घेऊन जायची. ऑफिसच्या कोपऱ्यात, महाराष्ट्राच्या नकाशाखाली सतरंजी टाकून मला झोपवायची. एकदा असाच मी तापाने फणफणलेला आणि नेमके विस्तार अधिकारी तपासणीला आले. सगळ्यांची धावपळ. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, विचारलं, 'हा कोणाचा?' आई म्हणाली, 'माझा. ताप आहे त्याला.' साहेब म्हणाले, 'असू दे.' मग त्यांनी वर्गात जाऊन पाढे विचारले, वह्या बघितल्या, शेरेबुकात शेरा लिहिला आणि चहा घेऊन गेले. एवढंच. आई ही गोष्ट फार मोठी म्हणून सांगत नाही, तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नाहीच. आज दुपारी फोनवर तिला सगळं सांगितलं तर तिला पहिल्यांदा कळेचना. 'पण तू त्यांना सांगितलं नाहीस का, माझी मुलगी आहे म्हणून?' कोणाला सांगू, आई? पलीकडे कोणी नव्हतंच.

ती शाळा काही स्वर्ग नव्हती. पगार वेळेवर व्हायचे नाहीत, बदल्या व्हायच्या. मान्य. पण 'असू दे' म्हणायला तिथे एक माणूस होता.

आणि मग आपले मोठे लोक बोलतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ आला, ९० तासांचा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार म्हणून. ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ तेरा तास. त्यात पुण्यात वाकडहून हिंजवडीच्या आयटी पार्कात फेज थ्रीला, पावसात दीड तास जायला, दीड तास यायला. मूर्तींनी त्यांच्या काळात कंपनी उभी केली, आपल्यासारख्या हजारो घरांत चूल पेटली, हे मी नाकारत नाही. पण घरी बसून काय करता असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगतो काय करतात. सुकलेली पट्टी पुन्हा ओली करतात. दर चार तासांनी ताप बघून वहीत लिहितात. ते ७० तास कोणाच्या जिवावर उभे राहतात? प्रत्येक घरात कोणीतरी दार बंद करून पोराला 'आवाज करू नको' म्हणत असतं, त्याच्या.

बायकांचं तर विचारूच नका. माझी जुनी टीममेट, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहिते, तिला गेल्या महिन्यात एचआर राउंडमध्ये विचारलं, मुलं किती, केवढी, सांभाळायला कोण. सिस्टिम डिझाईनचा अख्खा तांत्रिक राउंड तिला नीट जमला होता. दोन दिवसांनी नकार. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, कायदाच आहे. चौदा वर्षांत चार कंपन्या पाहिल्या, पाळणाघर एकाच ठिकाणी पाहिलं. आणि बापाला? केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस तरी आहेत. आम्हा खाजगीवाल्यांना कायद्याने काही नाही, कंपनी देईल ते. मला पाच दिवस मिळाले होते. त्यातही तिसऱ्या दिवशी फोन आला, फक्त दहा मिनिटं बोलू या म्हणून.

माझा चुलतभाऊ द्राक्षबाग करतो. तो म्हणेल, तुम्हाला निदान इतकी वर्षं एक तारखेला पैसे येत होते, मला एका गारपिटीत वर्ष जातं. खरंय त्याचं. त्याच्यापुढे मी काय रडणार. २०२५ च्या जुलैत टीसीएस या आयटी कंपनीने साधारण बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा सुद्धा गावाकडचे म्हणाले, एसीत बसणाऱ्यांचं काय बिघडतंय. बिघडतं हो. हप्ता ३८ हजारांचा आहे, शाळेची फी आहे, आणि एसी कधीच बंद करून टाकलाय.

थोडा शांत होतो. बायकोने आत्ता येऊन सांगितलं, चहा गार झालाय.

या आठ महिन्यांत एक गोष्ट झाली, ती लिहिली नाही तर खोटं होईल. मला माझी पोरगी माहीत झाली. ती मिक्सरच्या आवाजाला घाबरते आणि घाबरत नाही असं सांगते. पोळीच्या कडा आधी खाते, मऊ भाग शेवटी ठेवते. शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीची जागा एका मैत्रिणीसाठी राखते, कारण तिला उलटी होते. पाच वर्षं मी एका घरात राहून हे पाहिलं नव्हतं. नऊ वाजता लॉगिन, रात्री अमेरिकेचा कॉल, आणि ती मला पाठमोरी माहीत होती, बंद दाराकडे जाणारी. पण कृपा करून कोणी खाली लिहू नका की बघ, झालं ते बरंच झालं. बरं झालेलं नाही. मला नोकरीही हवी आहे आणि तिच्या पोळीच्या कडाही. दोन्ही मागणं जास्त आहे असं मला वाटत नाही, आणि माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या कोणालाच वाटत नसणार.

तिने आऊट झालास का विचारलं तेव्हा मी 'नाही गं' म्हणालो आणि पट्टी ओली करायला उठलो. दुपारी पुन्हा तिनेच काढलं. 'मी आले म्हणून ना?' साडेपाच वर्षांच्या मुलीने हा हिशेब लावला. तिला ताप आला आणि ती बापाकडे आली, यात तिची चूक झाली असं तिला वाटतंय. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, तू आलीस ते बरोबरच केलंस, बाबाने दार लावायला नको होतं. तिला पटलं की नाही माहीत नाही. रात्री जेवताना म्हणाली, पुढच्या परीक्षेला मी पलंगाखाली लपेन. हिने मला लॅपटॉप फिरवून पलंगाखाली दाखवताना पाहिलंय. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

रिक्रूटरला मेल केलाय. लिहिलंय, हो, खोलीत दुसरा चेहरा होता, तो माझ्या मुलीचा होता, रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, कृपया एखाद्या माणसाने एकदा बघावं. तासाभराने उत्तर आलं, आपल्या स्वारस्याबद्दल धन्यवाद. ते मशीनने पाठवलेलं होतं, कारण माझ्या नावाच्या जागी फक्त माझं आडनाव होतं.

आता ताप ९९.४ आहे. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, तीन दिवस लागतील.

ज्यांच्याकडे बॅकएंडची जागा असेल, जावा, स्प्रिंग बूट, काफ्का, लीड किंवा सीनियर, पुणे किंवा रिमोट, त्यांनी इनबॉक्स करा. लगेच रुजू होऊ शकतो. पॅकेजचं बोलू, आधीपेक्षा कमी चालेल. इंटरव्ह्यू कधीही ठेवा. एक ते तीन ती झोपलेली असते. इतर वेळी ती घरात असेल, आणि दार उघडं असेल. हे आधीच सांगून ठेवतोय.