ख्रिस पॉलनं फिनिक्सला काय दिलं?

अमेरिकेत फिनिक्सजवळ चँडलरला राहणारा माझा एक जुना मित्र फिनिक्स सन्स ह्या एनबीएतल्या बास्केटबॉल टीमचा कट्टर चाहता आहे. घरापासून अर्ध्या तासावर त्यांचं स्टेडियम. मी पुण्यात. तिथली संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसते, त्यामुळे ख्रिस पॉल हा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ रचणारा खेळाडू, सन्सकडे होता त्या तीन वर्षांत माझा पहिला चहा बहुतेक वेळा त्याच्यासोबतच झाला. मित्राचं आणि माझं त्याच्यावरून अजूनही वाजतं. मित्र म्हणतो, पॉलला आणलं, तीन वर्षं गेली, ट्रॉफी आली नाही, हिशोब संपला. मला हा हिशोबच मान्य नाही. परवा फोनवर पुन्हा तेच झालं आणि आवाज चढले, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

नोव्हेंबर २०२० मध्ये सन्सनी ओक्लाहोमा सिटीकडून पॉलला घेतलं. बदल्यात केली ऊब्रे, रिकी रुबिओ, दोन नवखी पोरं आणि पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, गेला. पॉल तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि त्या हंगामाचा पगार ४ कोटी डॉलरच्या वर. त्याच्या सव्वा वर्ष आधी ह्यूस्टननं रसेल वेस्टब्रुकला घेण्यासाठी त्याला ओक्लाहोमाला देऊन टाकलं होतं, आणि वर पहिल्या फेरीचे दोन पिकही दिले होते. म्हणजे बाजारात त्याची किंमत काय लावली जात होती ते बघा. इतक्या पगाराचा आणि सारखा दुखापतीत अडकणारा म्हातारा गार्ड कोण गळ्यात घालून घेणार, असा सूर होता. मित्राचाही तोच होता. हंगामाची सुरुवात ८ विजय आणि ८ पराभव अशी झाली तेव्हा त्यानं मला रात्री दीड वाजता मेसेज पाठवला होता, ‘बघ, सांगितलं होतं ना.’

तिथून पुढे त्याच टीमनं ५६ पैकी ४३ मॅच जिंकल्या. एकूण ५१-२१, पश्चिम विभागात दुसरा नंबर. २०१० नंतर प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड न पाहिलेली टीम होती ही.

आता मित्राचा सगळ्यात मजबूत मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. पॉल येण्याआधीच, २०२० च्या उन्हाळ्यात कोव्हिडमुळे सगळ्यांपासून तोडून ऑरलँडोत एकाच जागी खेळवलेल्या ‘बबल’मध्ये, सन्सनी आठपैकी आठ मॅच जिंकल्या होत्या. तरी प्लेऑफ हुकलेच, पण टीम पिकत आली होती हे दिसत होतं. डेव्हिन बुकर होता, डिआंड्रे एटन होता, मिकल ब्रिजेस होता, माँटी विल्यम्ससारखा कोच होता. पॉलच्याच वर्षी जे क्राउडरही आला. त्यामुळे सगळं श्रेय पॉलला देणारे चाहते मला पटत नाहीत. तो पडीक जमिनीवर आला नव्हता, पेरलेल्या शेतात आला होता.

मग त्यानं केलं काय? मला वाटतं, हे त्याच्या स्वतःच्या आकड्यांत शोधूच नये. मॅचमागे १६.४ पॉइंट, ८.९ असिस्ट (ज्यावर सहकारी लगेच बास्केट करतो असे पास), चांगलेच आहेत, पण त्यानं कुणाचे डोळे दिपत नाहीत. एटनचे आकडे बघा. आदल्या वर्षी त्याची सरासरी १८.२ पॉइंट होती, पॉल आल्यावर ती १४.४ वर उतरली. अनेक चाहत्यांनी ह्यावरून ओरड केली की पोरगं मागे पडलं. पण त्याच एटनचे शॉट आत जाण्याचं प्रमाण ५४.६ टक्क्यांवरून ६२.६ वर गेलं. म्हणजे वाईट शॉट गेले, चांगले उरले. बुकरचे असिस्ट ६.५ वरून ४.३ वर आले, कारण प्रत्येक वेळी बॉल वर आणायचं ओझं त्याच्या अंगावरून उतरलं. ब्रिजेसचे थ्री-पॉइंटर ३६ टक्क्यांवरून साडेबेचाळीसवर गेले, आणि त्यात त्याची स्वतःची मेहनत मोठी आहे हेही मान्य. पण तीन जणांच्या खेळात एकाच वर्षी असा फरक पडतो तेव्हा चौथ्याकडे बघावंच लागतं.

हे कोर्टवर कसं घडायचं ते सांगतो, कारण मला बास्केटबॉलमधलं सगळ्यात आवडणारं दृश्य हेच आहे. एटन स्क्रीन लावायला, म्हणजे पॉलच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहायला, वर येतो. पॉल त्याला खांदा घासून उजवीकडे निघतो. इथे बहुतेक तरुण गार्ड सुसाट रिंगकडे धावतात. पॉल वेग कमी करतो. मागून धावत आलेल्या डिफेंडरला तो आपल्या पाठीवर घेतो आणि तसाच अडकवून ठेवतो, पुढे येऊ देत नाही. आता समोर उरतो तो एकटा उंच सेंटर. पुढे यावं तर मागे एटन मोकळा. मागे राहावं तर फ्री थ्रोच्या रेषेच्या उजव्या टोकावरून पॉलचा जम्प शॉट, आणि ती जागा म्हणजे त्याचं घर. सेंटर एक पाऊल टाकतो, परत घेतो. पॉल त्या पावलाची वाट बघत असतो. घाई नाही, घड्याळात आठ सेकंद असोत की तीन. एटनला त्या पासनंतर बॉल खाली आपटावा लागायचा नाही, वळावंही लागायचं नाही. घ्यायचा आणि टाकायचा.

हे मला इतकं भिडतं त्याला कारण आहे. मी कॉलेजपर्यंत आणि पुढे काही वर्षं क्लबसाठी खेळलो. एका वर्षी आमच्या टीममध्ये अडतीस वर्षांचे एक दादा आले. बँकेत नोकरी, गुडघ्याला पट्टा, धावणं जेमतेम. आमचा सगळ्यात चपळ गार्ड त्यांच्यासाठी बाकावर बसला म्हणून आम्ही पोरं धुमसत होतो. दादांचे मॅचमध्ये सहा-आठ पॉइंट व्हायचे. पण ते कोर्टवर असले की मला पास छातीशी यायचा, हात वर जायच्या आधी. ते बाहेर गेले की तोच पास गुडघ्याशी किंवा कानामागून. खाली वाकून बॉल उचलून पुन्हा वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डिफेंडर तोंडावर आलेला असतो. समोरच्यांचे किती फाउल झालेत, कुणाला चौथा लागलाय, टाइम-आउट किती उरलेत, हे त्यांना पाठ असायचं आणि ते ओरडून सांगायचे. त्या वर्षी मी जितका चांगला खेळलो तितका पुढे कधीच नाही खेळलो. आणि स्कोअरशीटवर त्यातलं काहीही त्यांच्या नावावर नाही.

म्हणूनच ओक्लाहोमाकडून खेळताना डिसेंबर २०१९ मध्ये पॉलनं जे केलं ते मला त्यांच्यासारखं वाटलं. मिनेसोटाविरुद्ध शेवटचे १.१ सेकंद उरले होते, समोरचा एक खेळाडू जर्सी न खोचता कोर्टवर आला, आणि पॉलनं ते पंचांना दाखवून दिलं. मिनेसोटाला खेळ लांबवल्याबद्दल टेक्निकल फाउल लागला, आणि ओव्हरटाइममध्ये मॅच ओक्लाहोमानं घेतली. लोकांनी त्याला चुगलखोर म्हटलं. मला तो नियम पाठ असलेला माणूस दिसला.

मित्र म्हणतो, पण क्लिपर्सविरुद्ध काय झालं? २०२१ च्या पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये पहिल्या दोन मॅच पॉल कोव्हिडच्या नियमांमुळे बाहेर होता आणि सन्सनी दोन्ही जिंकल्या. दुसऱ्या मॅचमध्ये कॅमेरॉन पेननं २९ पॉइंट केले. ०.९ सेकंद उरले असताना क्राउडरनं बाहेरून बॉल थेट रिंगवर फेकला, एटननं तो आत दाबला, १०४-१०३. पॉल नसताना जिंकतात तर त्याचा प्रभाव कुठे आला?

हा प्रश्न फार चाहते विचारतात आणि मला तो उलटा वाटतो. पेन हा एनबीएतून बाहेर फेकला गेलेला, चीनमध्ये जाऊन खेळून आलेला गार्ड. बबलमध्ये त्याला इथे नवा जन्म मिळाला, तो पॉलच्या आधी, हे खरं. पण पॉल आल्यामुळे त्याला पंधरा-वीस मिनिटांचं, त्याला झेपेल असं काम मिळालं, रोज सरावात पॉलसमोर उभं राहायला मिळालं. ज्याच्या गैरहजेरीत घर कोलमडतं तो आधार खरा, असं आपण मानतो. ज्यानं आपण नसताना घर चालेल अशी घडी बसवली, त्याला मार्क का कापायचे? आणि त्याच सिरीजची सहावी मॅच विसरू नका. १ जुलैची सकाळ होती. पॉलचे ४१ पॉइंट, त्यातले ३१ दुसऱ्या हाफमध्ये, आठ असिस्ट आणि एकही टर्नओव्हर नाही, म्हणजे एकदाही बॉल गमावला नाही. १९९३ नंतर सन्स पहिल्यांदा फायनलमध्ये. पॉल सोळा हंगामांत पहिल्यांदा. मी घरातले झोपलेत हे विसरून ओरडलो होतो.

आता जिथे तो कमी पडला ते. फायनलमध्ये सन्स मिलवॉकीविरुद्ध २-० पुढे होते. पहिल्या मॅचमध्ये पॉलचे ३२ पॉइंट, नऊ असिस्ट. मग चार मॅच सलग हरले आणि ट्रॉफी गेली. चौथ्या मॅचमध्ये त्याचे फक्त १० पॉइंट आणि पाच टर्नओव्हर, त्यातला एक अगदी शेवटच्या मिनिटात, दोन पॉइंटनी मागे असताना पाय घसरून. अख्ख्या वर्षात ज्या माणसाच्या हातात बॉल सगळ्यात सुरक्षित होता त्याच्याच हातून तो गेला. नंतर त्याच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, ही त्याची बाजू. सहाव्या मॅचमध्ये मिलवॉकीच्या यानिसनं ५० केले, त्यापुढे कुणाचं काही चाललं नसतं.

पण २०२२ मध्ये डॅलसविरुद्ध जे झालं त्याला मात्र मी सबब देणार नाही. ६४-१८, फ्रँचायझीच्या इतिहासातला सर्वोत्तम हंगाम. त्यात अंगठा मोडून पॉल १५ मॅच बाहेर होता आणि टीम त्यातल्या ११ जिंकली. पहिल्या फेरीत न्यू ऑर्लिन्सविरुद्ध त्यानं १४ पैकी १४ शॉट मारले. दुसऱ्या फेरीत डॅलसविरुद्ध २-० ची आघाडी. मग तिसरी मॅच त्याच्या सदतिसाव्या वाढदिवशी आली, आणि पहिल्याच हाफमध्ये सात टर्नओव्हर. तिथून तो सावरलाच नाही. सातवी मॅच घरच्या कोर्टवर, हाफ-टाइमला डॅलस ५७-२७ पुढे. त्यांच्या एकट्या डोंचिचचे २७ होते, पूर्ण सन्सइतके. शेवट १२३-९०. मित्र त्या रात्री स्टेडियममध्ये होता. दुसऱ्या दिवशी आम्ही बोललो नाही.

त्या पराभवात पॉलच्या प्रभावाची दुसरी बाजू आहे, आणि ती मला मित्रामुळेच दिसली. टीम त्याच्या लयीवर इतकी चालायला शिकली होती की डॅलसनं त्याला लांबूनच दाबून दमवलं तेव्हा सगळे एकदम मुके झाले. साखळी हंगामात घडी टिकते, कारण समोरचा दोन दिवसांत तुमचा एवढा अभ्यास करत नाही. सलग सात मॅच खेळताना तो करतो. सदतीस वर्षांच्या पायांवर शेवटची पाच मिनिटं ठेवायची, तर दुसरा हात तयार ठेवणं हे कोचचं आणि व्यवस्थापनाचं काम होतं. ते झालं नाही. ट्रॉफी न येण्यातला पॉलचा वाटा मी तेवढ्यापुरता धरतो.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन ड्युरांटसारखा मोठा स्टार आला, त्याच्यासाठी ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन गेले. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्ध पॉल जांघेच्या दुखण्यानं बाहेर बसला, आणि जूनमध्ये ब्रॅडली बीलच्या व्यवहारात त्यालाही पाठवून दिलं. ड्युरांट, बुकर, बील. नावं कागदावर केवढी मोठी. पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० नं बाहेर, दुसऱ्या वर्षी प्लेऑफच नाही. बाकावरची ताकद संपली होती, कोच सारखे बदलत होते, कारणं बरीच आहेत. पण त्या मॅच मी पाहिल्यात. तिघेही आळीपाळीनं एकटे खेळायचे, बाकीचे दोघे हात कमरेवर ठेवून उभे. बॉल वर आणून, थांबून, चार जणांना जागेवर लावणारं कुणी नव्हतं. फोनवर मित्र स्वतःच म्हणाला होता, ‘आपल्याकडे पॉइंट गार्डच नाहीये रे.’ मी तेव्हा काही बोललो नाही.

त्याच २०२४-२५ च्या हंगामात पॉल सॅन अँटोनिओत होता. वय ३९. साखळीतल्या ८२ च्या ८२ मॅच त्यानं सुरुवातीच्या पाचात खेळल्या. आदल्या वर्षी २२ विजय असलेली ती टीम ३४ वर गेली, त्यांचा स्टार वेम्बन्यामा फक्त ४६ मॅच खेळू शकला असताना. त्याच्याशेजारी खेळलेला स्टेफन कॅसल त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. फिनिक्सचे विजय होते ३६. परवा हे आकडे सांगितल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘ठीक आहे, पण वाढदिवसाच्या मॅचबद्दल मी त्याला माफ करणार नाही.’ तेवढं मी सोडून दिलं.