हाडं फक्त स्टेरॉइडमुळेच ठिसूळ होतात? खुलासा

आतड्यांचा दाह असलेल्या (क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस) मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश फिरतोय: 'हाडं पोखरतात ती स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे. गोळ्या बंद करा, कॅल्शियम सुरू करा.' हे अर्धसत्य आहे आणि त्यातला सल्ला धोकादायक आहे.

स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडांवर परिणाम होतो, हे खरंच. पण कित्येक मुलांची हाडांची घनता निदानाच्या दिवशीच, म्हणजे एकही गोळी पोटात जाण्याआधी, कमी आढळते. कारण दाह स्वतःच. दाहात वाढणारी टीएनएफसारखी रसायनं हाड बांधणाऱ्या पेशींना रोखतात. भूक मंदावते, ड जीवनसत्त्व कमी पडतं, स्नायू रोडावतात, वयात येणं लांबतं. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आत होते, म्हणून ही वर्षं फार मोलाची.

म्हणूनच हाडांचं पहिलं औषध म्हणजे दाह आटोक्यात आणणं. क्रोन्समध्ये त्यासाठी ६ ते ८ आठवडे केवळ द्रवरूप पोषणआहार हा स्टेरॉइडला पर्याय ठरू शकतो. डॉक्टरांना जरूर विचारा. नुसत्या कॅल्शियमने दाह शमत नाही.

आणि कृपा करून गोळ्या एकदम थांबवू नका. गोळ्या सुरू असताना शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, तयार होणं मंदावलेलं असतं. अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत मुलांसाठी झेड-स्कोअर (त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना) पाहतात, टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांशी तुलना) नव्हे. मूल बुटकं असेल तर उंचीचा हिशेबही धरावा लागतो, नाहीतर घनता उगीच कमी दिसते. पाठ सतत दुखत असेल तर मात्र लगेच सांगा, मणक्याचं फ्रॅक्चर असू शकतं.