मायना

सातवी 'ब'च्या वर्गात पत्रलेखन घेतलं की माझा रक्तदाब मायन्यापासूनच चढायला लागतो. 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष', असं फळ्यावर लिहून मागे वळले तर पहिल्या बाकावरून प्रश्न: "बाई, हा ओटीपी आहे का?"

पत्र कोणाला लिहितोय ते आधी डोळ्यासमोर आणा, हे मी घसा बसेपर्यंत सांगते. पण मुलांच्या डोळ्यासमोर येते मी, लाल पेन घेतलेली. आजीला पत्र लिहा म्हटलं तर एकीने लिहिलं, 'विषय : बेसनाचे लाडू मिळण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून दोन किलो लाडू 15 टक्के सवलतीने पाठवावेत. कळावे, आपली विश्वासू.' गाईडमधल्या पुस्तकविक्रेत्याच्या जागी तिने आजीला बसवलं होतं. मुख्याध्यापकांच्या वाट्याला मात्र सगळी माया आली. 'प्रिय सर, तुमची खूप आठवण येते. नळाला पाणी नाही. तब्येतीला जपा.'

मग म्हटलं, खरीच पत्रं पाठवू. 42 मुलांसाठी 42 पोस्टकार्डं घेतली, 50 पैशांना एक, 21 रुपये झाले. खिडकीतल्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, निवडणुकीला उभ्या राहताय काय?"

वर्गात कार्डं वाटली आणि पत्त्यापाशी गाडी अडली. कोणालाच आजीचा पिन कोड माहीत नव्हता. मी उत्साहाने सांगितलं की, 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे, आणि ते संस्कृतचे मोठे पंडित होते. "त्यापेक्षा लोकेशन टाकायचं ना, बाई," असं म्हणून वर्गाने वेलणकरांना निवृत्त केलं. एकाने कार्डाच्या पत्त्याच्या बाजूलाही मजकूर भरला आणि पत्ता लिहायला जागाच नाही म्हणून नवीन कार्ड मागितलं. (त्या 50 पैशांचा हिशोब अजून माझ्याकडेच आहे.)

यांना माणूस बघून लिहिता येत नाही, असं मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. त्याच दिवशी शेवटच्या बाकावरच्या एका बहाद्दराने, ज्याला पत्रलेखनात पाचपैकी दीड मिळाला होता, आईची चिठ्ठी आणून दिली. 'बाईंना नमस्कार. काल ह्याला रात्रभर कणकण होती, तरी बाईंचा तास बुडेल म्हणून रडत होता. गृहपाठ राहिला. तुम्ही त्याला आईसारख्या, समजून घ्याल.' माझे डोळे पाणावले. आई घाईत लिहील तशा र्‍हस्वदीर्घाच्या चुकासुद्धा होत्या. मधल्या सुट्टीत पीटीच्या सरांनी त्यांना मिळालेली चिठ्ठी दाखवली. 'सर, पाय मुरगळला आहे. आज पळणार नाही. उद्या पळेल.' अक्षर तेच, सही तीच. मला माया, सरांना तीन वाक्यं! आणि गणिताच्या बाईंना तर त्याने तारीख-वार घालून कारणं क्रमाने लिहून दिली होती.

मी त्याला स्टाफरूममध्ये उभं केलं. मनातून पाचपैकी पाच द्यावेसे वाटत होते, पण डायरीत पालकांना शेरा लिहिणं भाग होतं. 'आपल्या पाल्याने' लिहिलं, खोडलं. 'कळवण्यास खेद वाटतो की' लिहिलं, तेही खोडलं. पंधरा मिनिटं झाली, माझाच मायना जुळेना. तो मान तिरकी करून वाचत होता.

"बाई, 'गैरवर्तन' नका लिहू," तो हळूच म्हणाला. "पप्पा त्याच शब्दावर थांबतात, पुढचं वाचतच नाहीत. 'जरा भेटून जावे' लिहा. आणि मम्मीच्या नावाने लिहा."

मी मम्मीच्या नावाने लिहिलं.