टाकी लवकर कशी संपवावी

शोरूममध्ये बावीसचं ॲव्हरेज सांगितलं होतं आणि तुम्हाला मिळतंय तेरा. म्हणजे कंपनीने फसवलं, नाहीतर पंपवाल्याने मारलं, नाहीतर इथेनॉलने घात केला. एकदा हिशेब मांडूया. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर सहा-सात टक्के घट येणार. बावीसातून दीड वजा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या उसाने खाल्लेत म्हणायचं आणि सोडून द्यायचं. बावीस हा आकडा एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला. ती रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे होते. तिथे ना गणपत गल्लीची गर्दी, ना आडवी आलेली म्हैस. त्याचे तीन धरा. उरले साडेचार. हे मात्र तुमचे स्वकष्टार्जित. ते टिकवायचे आणि जमल्यास वाढवायचे कसे, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात गल्लीतूनच करा. सकाळी गाडी चालू करा आणि पाच मिनिटं जागेवरच घुरघुरत ठेवा. गार इंजिनाला गाडीतला संगणक जादा पेट्रोल पाजतो आणि उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापतं, म्हणजे पाजणंही लांबतं. चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघून पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवले तर ते लवकर तापतं; तसलं काही करायचं नाही. दुधाला एक फेरी, मग इंजिन गार झाल्यावर पेपरला दुसरी, मग पोराला क्लासला सोडायला तिसरी. सगळी कामं एका फेरीत उरकली तर नवी गाडी चार लोकांना दिसणार कशी?

इंजिन कायमचं गार ठेवायचं तर मिस्त्रीची मदत लागते. उन्हाळ्यात गाडी तापली की तो विचारेल, "थर्मोस्टॅट काढून टाकूया की?" लगेच मान डोलवा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो; तोवर कूलंटला, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पाण्याला, रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की बेळगावच्या डिसेंबरात तापमानाचा काटा मधोमध येतच नाही. सेन्सर बिचारा 'अजून गारच आहे' असं सांगत राहतो आणि संगणक दाट मिश्रण पाजत राहतो. गाडी तापायचं खरं कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा किंवा कुठेतरी झिरपणारं कूलंट, जिथल्या तिथे सुरक्षित राहतं. जाता जाता ऑईलही बदलून घ्या. गाडीच्या पुस्तकात झिरो डब्ल्यू ट्वेंटी, म्हणजे पातळ ऑईल, लिहिलेलं असलं तरी वीस-पन्नासचं घट्ट ऑईल ओता. घट्ट वरण पोटाला बरं, मग घट्ट ऑईल इंजिनाला वाईट कसं असेल?

खरं, एअर फिल्टरवर फार भिस्त ठेवू नका. खानापूरकडच्या लाल धुळीने फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं, असं सगळे म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळात ते बरंचसं खरंही होतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली की संगणक पेट्रोलही त्याच मापाने कमी सोडतो. ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसं हलत नाही. गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही पाय जास्त दाबाल, तेवढाच काय तो फायदा.

आता शहरात या. आरपीडी क्रॉसवरून गोगटे सर्कलकडे निघालात आणि लांबवर लाल दिवा दिसला, तर ॲक्सिलेटर सोडायचा नाही. आधी साठ गाठायचे, मग करकचून ब्रेक. हजार किलोची गाडी साठपर्यंत नेऊन थांबवली की साधारण पंधरा-वीस मिलीलिटर पेट्रोल ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन बसतं. पन्नास वेळा केलंत की लिटर संपलं, आणि गतिरोधक धरले तर पन्नास व्हायला दोन दिवसही लागत नाहीत. दिवा दिसताच पाय काढून गाडी गिअरमध्येच घरंगळत नेणारा माणूसही त्याच दिव्याला तुमच्या मागे येऊन उभा राहतो. पण मागे! तुम्ही पुढे आहात, हे त्याला कळलं पाहिजे.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलं तर इंजिन बंद करू नका. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करण्यात पेट्रोल कमी जातं, हे खरं आहे आणि म्हणूनच टाळायचं आहे. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन उभ्याउभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी लावला की लिटरच्या आसपास. मालगाडीच्या कृपेने दिवसाला वीस मिनिटं मिळाली तर महिन्याचे दहा तास, म्हणजे पाच ते दहा लिटर. सीमाप्रश्नापायी थांबण्याचा सराव आपल्याला 1956 पासून आहेच. तो इंजिन चालू ठेवून केला एवढंच. फाटक उघडायच्या आधी हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे झुलवा, क्लच प्लेटचंही काम मार्गी लागेल.

घाटाचा धडा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तिथे पेट्रोल वाचवतोय असं समजूनच पेट्रोल जाळता येतं. चोर्ला उतरताना गाडी न्यूट्रल करा. गिअरमध्ये ठेवून पाय काढला असता तर चाकांनीच इंजिन फिरवलं असतं, आणि संगणकाने इंजेक्टर पूर्ण बंद केले असते. उतारावर खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जोरावर चालू राहायचं तर त्याला पेट्रोल लागणारच. शिवाय गिअरचा अटकाव गेल्याने वेग आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो. दहा वळणांनंतर पॅड तापून जळका वास सुटतो, पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. चढताना ज्या गिअरने आलो त्याच गिअरने उतरावं, हे जुने ट्रकवाले सांगतात. त्यांना काय कळतंय! आणि काही पोचलेले लोक चावीच बंद करून उतरतात. ब्रेकचं पेडल हलकं ठेवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि चावी पूर्ण काढलीत तर ते लॉकही होतं. पेट्रोल तेवढं वाचतं खरं. पुढच्या वळणापर्यंत.

चोर्ल्याचं नाव निघालंच आहे तर खास पेट्रोल भरायला साखळीला जा. गोव्यात ते स्वस्त आहे. समजा लिटरमागे पाच रुपये वाचले, पस्तीस लिटरची टाकी, म्हणजे पावणेदोनशे रुपये खिशात. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात, घाटाच्या रस्त्यावर पंधराचं ॲव्हरेज धरलं तर दहा लिटर. हा दुसरा आकडा घरी सांगायचा नाही. गोव्यात स्वस्त मिळणारी दुसरी वस्तू डिकीत असली तर कणकुंबीच्या नाक्यावर काय करायचं, ते मात्र या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

डिकीत काय ठेवावं? सगळं. गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं, गेल्या लग्नातल्या सतरंज्या, पाण्याचे दोन कॅन. पन्नास किलोने गावातल्या ॲव्हरेजमध्ये एखादा-दीड टक्का जातो. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेसाठी टपावर चढवलेलं कॅरिअर पुढच्या जत्रेपर्यंत तसंच राहू द्या. रिकामं असलं तरी हायवेला वारा अडवतंच. आणि हायवेला लागलात की 80 वर समाधान मानू नका. 110 ला वाऱ्याचा अडथळा जवळपास दुप्पट होतो. कोल्हापूरला वीसेक मिनिटं आधी पोचाल, ती कोगनोळीच्या अलीकडे चहाला थांबून घालवता येतात. या वेगाला एसी बंद करून चारही काचा खाली घ्या. गावात हळू जाताना काचा खाली आणि हायवेला काचा वर, हा क्रम नेमका उलटा करायचा, एवढंच लक्षात ठेवा.

टायरची हवा फक्त टायर बसलेला दिसला की भरा. तसा तो दिसेपर्यंत हवेच्या दाबाचे दहा पीएसआय उतरलेले असतात, आणि दर पाचाला एक टक्का पेट्रोल जातं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर आकडा असतो, तो टायर गार असताना मोजायचा असतो. या तिन्ही गोष्टी पंक्चरवाल्याला ठाऊक असतात, तरी तो सगळ्यांना 35 भरतो. त्याच्याशी वाद घालू नका. पावसाळ्यात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवलात तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सकाळी गाडी जड वाटली तर रेस वाढवा. प्रवासानंतर चाकाजवळ हात नेऊन एकच चाक जास्त तापलंय का, हे बघायची सवय चुकूनही लावून घेऊ नका.

शेवटी, मोजायचं नाही. पहिल्या 'टक्' आवाजाला थांबवून टाकी भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, तीन-चारशे चालवून त्याच पंपावर पुन्हा पहिल्या टक्‌पर्यंत भरायचं आणि भागाकार करायचा, असा एक कंटाळवाणा प्रकार आहे. त्यापेक्षा टक् झाल्यावरही "अण्णा, राउंड फिगर माड्री" (करा) म्हणा. भागाकाराचा प्रश्नच मिटतो. पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं. पाच लिटरमागे 25 मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्या मापात ओतून दाखवावं लागतं. ते मागू नका. माप बरोबर निघालं तर पंपवाला सुटेल, आणि साडेचार किलोमीटर कुणाच्या नावावर टाकायचे, हा प्रश्न घेऊन घरी जावं लागेल.