‘चालतोय, बोलतोय, म्हणजे डोकं ठीक’? नाही हो!

सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘लकवा मारलेला माणूस चालायला-बोलायला लागला की बरा झाला. मग डॉक्टरांनी डोकं तपासायला व्हिडिओ कॉलवर तारीख विचारायची, शब्द आठवायला लावायचे, हे फी उकळायचे धंदे. आणि अडाणी माणूस त्यात नापासच होणार.’

फी घेतात, खरंय. ओपीडीतही घेतात.

पण पहिलं वाक्य साफ चूक. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसला की कधीकधी डाव्या बाजूचं भानच उडतं. डोळे शाबूत, तरी डावीकडचं जाणवत नाही. असा माणूस भाकरी, भाजी संपवतो आणि वर चिडतो, ‘चटणी वाढलीच नाही!’ चटणी, मीठ, लिंबू ताटात डावीकडंच असतात. घरचे म्हणतात, ‘आण्णा लई हट्टी झाल्यात.’ गप्पा मात्र फर्ड्या. हेच आण्णा उद्या मोटरसायकल काढून महाद्वार रोडला निघाले तर?

आता कॉलवरची तपासणी. आठवण आणि विचारशक्ती तपासणारी ‘मोका’ नावाची चाचणी 2005 पासून वापरात आहे, 30 गुणांची. व्हिडिओ नसलेल्या साध्या फोनवर घ्यायची तर चित्रं काढण्या-ओळखण्याचे प्रश्न वगळून ती 22 गुणांची होते. तारीख-वार, पाच शब्द थोड्या वेळानं पुन्हा सांगणं, शंभरातून सात-सात वजा करणं, एवढं ऐकून-बोलून होतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. गाडीत घालून आणलेला, दमलेला पेशंट कमीच गुण घेणार.

खरी गोची घरच्यांची असते. डॉक्टरांनी वार विचारला की आबा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघतात, नाहीतर सूनबाई मागून कुजबुजते, ‘गुरुवार, गुरुवार!’ झाली चाचणी! कॅलेंडर आणि घड्याळ काढून ठेवा, टीव्ही बंद करा, चष्मा द्या, फोन कशाला तरी टेकवून ठेवा. सोबत एकानंच बसायचं, तेही गप्प.

अडाणी माणसाबद्दल मेसेजमध्ये तथ्य आहे. शिक्षण 12 वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर मोकात एक गुण वाढवून देतात. शाळेचं तोंडही न पाहिलेल्याला तो एक गुण कुठं पुरणार? त्यांच्यासाठी ‘मोका-बेसिक’ ही वेगळी चाचणी आहे. शिवाय नुसत्या आकड्यावर कुणाला वेडगळ ठरवायचं नसतं. दर दहा दिवसांचं दूधबिल आधी तोंडी जमवणारी मावशी आता अडखळते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गुण कमी आले तर समोरासमोर तपासणी करायचीच. बोलणंच गेलेल्या पेशंटची तर पहिल्यापासून समोरासमोरच.

आणि तोंड अचानक वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. 108 लावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.