माचीस्तेचं नाव कुणी पळवलं?

इटलीतले ते जुने हर्क्युलसछाप सिनेमे म्हटलं की लोक हसतात. पुठ्ठ्याचे दगड, तेल चोपडलेल्या छात्या, ओठ एकीकडे नि आवाज भलतीकडे. हसा बिनधास्त, मीही हसतो. पण काल रात्री जेवताना १९५८ चा 'हर्क्युलस' लावला. शेवटाकडे स्टीव्ह रीव्ज खांबांना साखळ्या गुंडाळून खेचायला लागतो, तिथे माझा घास हातातच राहिला. खांब खोटे असतील, पाठ खरी आहे हो! १९५० चा मिस्टर युनिव्हर्स होता तो. आवाज मात्र दुसऱ्याचा.

पण माझा जीव हर्क्युलसपेक्षा माचीस्तेवर, म्हणजे इटालियन पडद्यावरच्या दुसऱ्या बलदंड गड्यावर. (माचिसशी काही संबंध नाही.)

हा गडी पहिल्यांदा दिसला १९१४ च्या 'काबिरिया' या इटालियन मूकपटात. नाव ठेवलं कवी दानुन्झिओने, काम केलं बार्तोलोमेओ पगानोने, म्हणजे जेनोआच्या गोदीतल्या एका कामगाराने. गुलामाची भूमिका, त्यासाठी अंगाला काळं फासलेलं. ते आज खटकतं, खटकायलाच हवं. पुढच्या सिनेमांत तो रंग गेला आणि माचीस्तेच नायक झाला. १९२६ मध्ये तर स्वारी थेट नरकात जाऊन आली. ना बाप देव, ना घरी सिंहासन. नुसते दंड आणि चांगलं मन. हर्क्युलसचं काय, बापच झ्यूस, ग्रीक देवांचा राजा!

मग जोसेफ लेव्हिन या अमेरिकन वितरकाने रीव्जच्या 'हर्क्युलस'चे अमेरिकेतले हक्क १ लाख २० हजार डॉलरला घेतले, जाहिरातीवर त्याच्या कितीतरी पट उधळले आणि सिनेमा तुफान चालला. इटलीत अशा सिनेमांची लाट आली, त्या लाटेत माचीस्तेही परतला. पण अमेरिकेत त्याला ओळखतं कोण? झालं! डबिंग करताना कधी त्याचा बायबलमधला सॅमसन केला, कधी गोलायथ, कधी सरळ हर्क्युलस. १९६४ चा एक नमुना बघा. इटलीत नायक माचीस्ते, अमेरिकेत तोच हर्क्युलस, चंद्रावरच्या माणसांशी लढणारा. नट सेर्जिओ चानी, पडद्यावर नाव अॅलन स्टील. दुसरा एक माचीस्ते, किर्क मॉरिस म्हणून गाजलेला, तर व्हेनिसचा नावाडी, आद्रियानो बेल्लिनी. पात्राचं नाव गेलं, नटाचं गेलं, आवाजही गेला. राहिले फक्त दंड.

त्याच १९६४ साली आपल्याकडे हिंदीतही 'हर्क्युलस' आला. त्यातला पैलवान मात्र नाव लावत होता दारासिंगच.