‘डोळे झाकून जुनी डिझेल घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरच्या ग्रुपवर कुणी ‘चार-साडेचार लाखांत फॅमिली गाडी सुचवा’ म्हटलं की हा मेसेज हमखास येतो. मजकूर साधारण असा: ‘जुनी डिझेल घ्या. डिझेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज वीसचं. इंजिन तीन लाख किमी हलत नाही. चेनवालं इंजिन घेतलं की बेल्टचा खर्चही नाही. ऑइल काळं दिसलं तर गाडी सोडा. दिल्लीवाले दहा वर्षांच्या गाड्या निम्म्या भावात काढतायत, एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणली की झालं. आणि जमत असेल तर बीएस-6 (2020 पासूनच्या प्रदूषण नियमांची) घ्या, नवी ती नवी.’

जुन्या डिझेलला आमचा विरोध नाही. पण वर्षाकाठी रनिंग किती आणि हीच गाडी कुठल्या अवस्थेत आहे, हे दोन प्रश्न या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. सगळा सौदा मात्र त्यांच्यावरच ठरतो.

‘डिझेल स्वस्त पडतं’

हिशोबापुरतं पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरा. तुमच्या पंपावरचे भाव घालून पुन्हा करा. पेट्रोल गाडी 15 चा अ‍ॅव्हरेज देत असेल तर किलोमीटरला 6 रुपये 93 पैसे. डिझेल 20 देत असेल तर 4 रुपये 55 पैसे. फरक 2 रुपये 38 पैशांचा. वर्षाला 20,000 किमी पळणाऱ्याचे यात 47,600 रुपये वाचतात. ज्याची गाडी ऑफिस, भाजी आणि वर्षातून दोनदा गाव एवढीच फिरते, म्हणजे 8,000 किमी, त्याचे वाचतात 19,000. त्यातून विम्याचा आणि सर्व्हिसिंगचा जास्तीचा खर्च वजा करा. एक इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गेला की त्या वर्षाची बचत संपली. वर्षाला 15,000 च्या खाली रनिंग असेल तर पेट्रोल बघा, किंवा डिकीतली जागा गेली तरी चालणार असेल तर कंपनी फिटेड सीएनजी.

‘इंजिन तीन लाख हलत नाही’

ब्लॉक, क्रँक, पिस्टन वेळेवर ऑइल मिळालं तर खरंच टिकतात. मार खातात ते भोवतीचे भाग: इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा), ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), क्लच आणि काही गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दुहेरी चाक). यातलं बहुतेक काही दहा हजारांच्या आत आटपत नाही.

मेसेजमधलं ‘चेनवालं इंजिन’ म्हणजे बहुधा फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसी. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, सियाझ, पुंटो, लिनिया, व्हिस्टा या सगळ्यांत तेच, म्हणून पार्ट मुबलक आणि मेकॅनिक गल्लोगल्ली. पण डिझायरमधल्या 75 अश्वशक्तीच्या प्रकाराला साधा टर्बो आहे, तर पहिल्या पिढीच्या अर्टिगातल्या 90 अश्वशक्तीच्या प्रकाराला व्हेरिएबल जॉमेट्रीचा. गाडी कायम शहरात रखडत चालली तर त्याच्या आतल्या हलत्या पात्यांवर काजळी बसते आणि ती अडकतात. मग हायवेवर ओव्हरटेकच्या ऐन वेळी पिकअप जातो. ‘सगळ्यांत इंजिन तेच’ म्हणून खर्चही तोच, असं नाही.

मीटरवर विसंबू नका. लाखभर किमी मागे घेतलेलं मीटर बघून ओळखू येत नाही. कंपनी सर्व्हिसच्या नोंदी मागा, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. गाडी 38,000 किमी चाललीय असं सांगतात आणि चारही टायर एकदा बदलून झालेत, तर कारण विचारा. डिझेल डिझायर आणि अर्टिगा टॅक्सीतही भरपूर चालल्या. दाराच्या आतल्या कडा, बोनेटखालचा रंग आणि आरसीचा इतिहास त्यासाठी बघायचा.

खरी परीक्षा थंड इंजिनाची. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड असेल तर चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा हीटरचा (ग्लो प्लगचा) दिवा विझू द्या, मग स्टार्टर. दोन-तीन सेकंदांत पकडायला हवं. पहिली काही सेकंदं टायमिंग चेनच्या (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणाऱ्या साखळीच्या) बाजूने खरखर आली तर लक्षात ठेवा, कारण पुढे येतंय. धूर बघायला माणूस मागे उभा करा. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त: ईजीआर, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा फाटलेला होज किंवा साधा एअर फिल्टरही. निळा म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. गारठ्यात पांढरी वाफ क्षणभर येतेच. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट.

इंजिन तापलं की ते चालू असतानाच ऑइल फिलरचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरणं ठीक. नाचत बाजूला पडलं आणि तोंडातून पिचकाऱ्यांसारखा धूर आला, तर कॉम्प्रेशन रिंगांतून खाली येतंय आणि इंजिनचं काम निघालंय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. वेळेत पकडला तर काम स्वस्त. उशीर झाला तर इंजेक्टर हेडमध्येच जाम होतो आणि काढतानाच मोडतो.

सौदा जवळ आला की गॅरेजमध्ये रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते मोजणं) करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला छोट्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन आयडलवर चालवायचं. तीन बाटल्या सारख्या भरल्या आणि चौथीत दुप्पट आलं, तर गुन्हेगार सापडला. ही टेस्ट नको म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय.

‘चेन आहे, खर्च नाही’

चेनला बदलायची ठरावीक मुदत नसते, पण तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला आळस केला की चेन ताणते आणि वर म्हटलेली सकाळची खरखर तिथूनच येते. चेनचंच काम रबरी पट्ट्याने करणाऱ्या बेल्टवाल्या गाड्यांना उगाच नावं ठेवतात. रेनॉच्या 1.5 डीसीआय डस्टरला, फोक्सवॅगनच्या 1.5 टीडीआयला आणि जुन्या 2.5 लिटर इनोव्हाला टायमिंग बेल्टच आहे. तो बदलल्याचं बिल असेल तर निश्चिंत. नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि सोबत वॉटर पंप एवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा. किमी भरले नसले तरी रबर वयानेही मरतं, आणि तुटलेला बेल्ट व्हॉल्व्ह वाकवूनच थांबतो.

‘ऑइल काळं, गाडी सोडा’

हे साफ चूक. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. विक्रीला काढलेल्या गाडीत मधासारखं ऑइल दिसलं तर ते कालच बदललंय, एवढंच कळतं. काळजी करायची ती दुधट फेसाची (कूलंट मिसळलंय), बोटांत चुरचुरणाऱ्या कणांची आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर ‘मॅक्स’च्या वर गेलेल्या पातळीची.

‘बीएस-6 घ्या, नवी ती नवी’

वर गेलेली पातळी इथे आठवा. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल कारना डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून सुमारे 600 अंशांवर काजळी जाळते. त्यासाठी सलग काही मिनिटं बऱ्या वेगाने चालणं लागतं. रोज तीन किलोमीटर शाळा आणि परत, असं असेल तर प्रक्रिया दर वेळी अर्ध्यावर तुटते. काही इंजिनांत ते न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढते, ऑइल पातळ होतं. पट्टीला डिझेलचा वास आला तर पुढे जाऊ नका. स्कॅनर लावून फिल्टरमधली काजळी आणि शेवटचं रीजनरेशन (काजळी जाळण्याची ही प्रक्रिया) किती किमीपूर्वी झालं ते बघा. ‘डीपीएफ काढून टाकलाय, आता कटकट नाही’ असं कौतुकाने सांगणाराही भेटेल. ती गाडी बेकायदा आहे. मुक्काम शहरातच असेल तर त्याआधीच्या बीएस-4 नियमांची नीट सांभाळलेली गाडी जास्त सुखाची.

‘दिल्लीची आणा’

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी कायम केली, म्हणून त्या स्वस्त झाल्या, हे बरोबर. पण दिल्लीने जानेवारी 2022 पासून अशा गाड्यांची नोंदणीच रद्द करायला सुरुवात केली. त्यामुळे पैसे देण्याआधी ‘वाहन’ पोर्टलवर स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे का बघा. एनओसी म्हणजे फॉर्म 28, आणि तो तुमच्याच आरटीओच्या नावाचा हवा. गाडी परराज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. सोबत महाराष्ट्राचा एकरकमी कर. डिझेलला नव्या गाडीवर तो किमतीप्रमाणे 13 ते 15 टक्के आहे आणि जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागतो, पण हिशोब तुम्ही मोजलेल्या रकमेवरून होत नाही. आरसी पहिल्या नोंदणीपासून 15 वर्षांची. 2014 ची गाडी आणली तर 2029 मध्ये फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर दारात. हे सगळं आणि ट्रकचं भाडं किमतीत मिळवा, मग पुण्यातल्याच गाडीशी तुलना करा. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (कर्ज फिटून बोजा उतरल्याचा) हातात पडल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपयाही देऊ नका.